चेअरमनसाहेब, एक वायर रस्ता ओलांडेल का?

प्रति,
माननीय चेअरमनसाहेब,
साखर कारखाना व सहवीजनिर्मिती प्रकल्प



नव्या गळीत हंगामाबद्दल आपलं मनःपूर्वक अभिनंदन. बॉयलरचं अग्निप्रदीपन थाटात झालं, गव्हाणीत मोळी पडली, पूजेला जोडपी बसली आणि आमच्या शाळेच्या लेझीम पथकाला आपण आवर्जून बोलावलंत. मुलांना लाडू मिळाले, पथकाला बक्षीस मिळालं. आपल्या कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक लेकरावर आपलं लक्ष असतं, असं सूत्रसंचालकांनी तीनदा सांगितलं. ते ऐकूनच हे पत्र लिहायचं धैर्य झालं.

कारखाना आता नुसती साखर काढत नाही, वीजही काढतो, हे आपण अभिमानाने सांगितलंत. अभिमान रास्तच आहे. एक टन ऊस गाळला की २८ ते ३० टक्के चिपाड उरतं. ते उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये जळतं, वाफेवर टर्बाइन फिरतं, कारखान्याची स्वतःची गरज भागते आणि वरची वीज महावितरणला विकली जाते. तेवढा कोळसा वाचतो, शेतकऱ्याच्या उसाला चार पैसे जास्त मिळायची वाट निघते. केंद्राच्या साखर विकास निधीतून अशा प्रकल्पांना कर्ज मिळालं, नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वर्षानुवर्षं अर्थसाहाय्य दिलं, राज्याने सवलती दिल्या. एक सरकारी योजना कागदावरून उठून लोखंडात आणि वाफेत कशी उतरते, हे पाहायचं असेल तर लोकांनी आपल्याकडे यावं. यातला शब्दन् शब्द मी मनापासून लिहिते आहे.

म्हणूनच वाटतं, ज्यांना ही कला साधली आहे त्यांना रस्त्यापलीकडचं काम अवघड जाऊ नये.

आपल्या कुंपणासमोरचा डांबरी रस्ता ओलांडला की ऊसतोड कामगारांचा तळ लागतो. आष्टी, पाटोदा, गेवराई, पाथर्डी या भागांतून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या तिथे रांगेने उभ्या आहेत. बांबूच्या कमानी, त्यांवर ताडपत्री किंवा पाचट. आत वाकून शिरावं लागतं. विजेचा एक खांब नाही, एक दिवा नाही. आपल्या वजनकाट्याजवळच्या हायमास्टचा उजेड पहिल्या रांगेपर्यंत येतो. हा उजेड आपण अडवला नाहीत, याबद्दल पहिल्या रांगेच्या वतीने आभार मानते. चौथीतली एक मुलगी रोज संध्याकाळी तिथे बसून गृहपाठ करते. पाठमोरं बसलं तर सावली वहीवर पडते, म्हणून ती कुंपणाकडे तोंड करून बसते. तिचं अक्षर सुरेख आहे, आपण कधी वही मागवून पाहावी. तिसऱ्या रांगेतल्या मुलांचा गृहपाठ होत नाही.

आपले अधिकारी याचं उत्तर फार सौजन्याने देतात. कामगार कारखान्याचे नाहीत, मुकादमाचे आहेत. कायद्याने उत्तर चोख असेल. कारखाना वाहतूक ठेकेदाराशी करार करतो, ठेकेदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम जोडप्याला उचल देतो. कोणत्या टोळीने आज कुठल्या गटात किती टन तोडला, कोणत्या गाडीने तो आणला, कुठल्या कोयत्याने, म्हणजे जोडप्याने, खाडा केला, हे आपल्या चिटबॉयच्या नोंदीत संध्याकाळपर्यंत लागतं. पैसा मुकादमाला ओलांडून कोपीपर्यंत बरोबर पोचतो आणि कोपीतल्या हातांनी तोडलेला ऊस मुकादमाला ओलांडून आपल्या गव्हाणीपर्यंत बरोबर येतो. जबाबदारी तेवढी दोन्ही बाजूंनी मुकादमापाशी येऊन थांबते. इतकी नेमकी व्यवस्था बसवल्याबद्दल आपल्या विधी सल्लागारांचंही अभिनंदन करावं लागेल.

१९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४८ होतं. तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे त्यांच्या लहान मुलांसाठी पाळणाघर. आपल्या कारखान्याला ते करावं लागलं नाही, कारण हजेरीपटावर तेवढ्या स्त्रिया नाहीत. ज्या शेकडो स्त्रिया पहाटे तीनला उठून आपल्या कारखान्यासाठी ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून वाहून ट्रॉलीत भरतात, त्या कुठल्याच हजेरीपटावर नाहीत. त्यांची तान्ही फडात पाचटावर निजतात. थोडी मोठी कोपीत राहतात आणि त्यांना सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण शाळा सोडून मागे राहते. पाळणाघर अस्तित्वात आहे, साहेब. ते चालवणारी तिसरीत शिकते, एवढंच.

सरकारी योजनांबद्दल आपण व्यासपीठावरून नेहमी बोलता, म्हणून त्याही मांडते.

या कुटुंबांच्या गावी घरं आहेत. २०१७ मध्ये घरोघरी वीजजोडणीची सौभाग्य योजना आली, त्याआधीही काहींकडे मीटर होतं. उजालाचा एलईडी बल्बही लागला. आता या घरांना दिवाळीनंतर कुलूप लागतं ते चैत्र-वैशाखात निघतं. त्या काळात तिथे एक युनिट जळत नाही, तरी बिलात स्थिर आकार येतोच. म्हणजे ज्या घरात कोणी नाही तिथल्या विजेचे पैसे ही माणसं भरतात आणि ज्या ठिकाणी लेकरं आहेत तिथे वीज नाही. फेब्रुवारी २०२४ पासून सूर्यघर योजना आहे, छतावर पॅनेल बसवा, महिन्याला ३०० युनिटपर्यंत वीज मोफत मिळवा. छत त्यांचं तिकडे, सहा महिन्यांचं आयुष्य इकडे. ताडपत्रीवर पॅनेल बसत नाही.

उज्ज्वला २०१६ मध्ये आली. अनेकींच्या नावावर गॅसजोडणी आहे आणि शेगडी गावी धूळ खाते आहे, कारण भरलेली टाकी ट्रकच्या हौद्यात बिऱ्हाडावर लादून आणायची कोणाची छाती होत नाही. इथे चूल पेटते पाचटावर आणि काटक्यांवर. ताडपत्रीखाली धूर कोंडतो. डिसेंबर-जानेवारीत माझ्या वर्गात खोकणारी मुलं कोणत्या रांगेतली, हे हजेरी न घेता सांगता येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये उज्ज्वलाचा दुसरा टप्पा आला तेव्हा स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल, अशी फार चांगली सोय सरकारने केली. पाच किलोची छोटी टाकीही मिळू शकते. कोपीतल्या बाईने घोषणापत्रात पत्ता काय लिहावा, एवढं आपल्या कार्यालयाने सुचवलं तर उपकार होतील. कारखान्याच्या भिंतीसमोर, दुसरी रांग, पाचवी कोपी असं लिहिलं तर एजन्सीवाला हसतो. आपल्या लेटरहेडवर तेच लिहून शिक्का मारून दिलं तर हसणार नाही.

अंगणवाडीचीही तीच गत. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिला पन्नास वर्षं झाली. आमच्या सेविकाताई हंगामात तळावर जाऊन लेकरांची वजनं घेतात. त्यांच्या अंगणवाडीत आधीच गावची मुलं आहेत, खोली एकच, आणि तळावरून तिथे यायचं तर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रस्त्याने यावं लागतं. चार वर्षांच्या मुलाला त्या रस्त्याने पाठवा, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? तळावरच एक पत्र्याची खोली असती तर ताई खाऊ घेऊन स्वतः तिथे आल्या असत्या. जागा आपली आहे.

शाळेचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे दाखल्यावाचून कोणाला परत पाठवता येत नाही. मीही पाठवत नाही. ही मुलं नोव्हेंबरात शिक्षण हमी कार्ड घेऊन येतात, किंवा काहीच न घेता येतात. वर्गाशी ओळख व्हायला महिना जातो, मग इथल्या गटातला ऊस संपतो म्हणून टोळी हलते. नाव तिकडच्या पटावर, नाव इकडच्या पटावर, मूल दोन्हीकडे नाही. त्यांना वाचता येत नाही, असा शेरा वरच्या तपासणीत माझ्या नावावर पडतो. तो मी घेते. टोळी उद्या कुठे हलणार हे मात्र आपल्या शेती विभागाला चार दिवस आधी ठाऊक असतं. चिटबॉयने शाळेला एक फोन केला तर मूल पुढच्या तळाजवळच्या शाळेत आधीच कळवता येईल. आजवर तो फोन आला नाही. चिटबॉयला दिवसाकाठी किती कामं असतात ते मी पाहते, दोष त्या पोराला देणार नाही.

आता थोडं भीतीबद्दल लिहिते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात बिबट्याची मादी उसातच पिलं घालते, हे वनखात्याला आणि आपल्याला माहीत आहे. ऊस तोडला की तिचं घर जातं आणि ती जवळच कुठेतरी असते. फडाच्या कडेला झोपलेलं लेकरू बिबट्याने ओढून नेल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यांतल्या वर्तमानपत्रांत येतात. साप तर पाचटात रोजचेच. पहाटे तीनला आई-बाप बाहेर पडतात, तेव्हा मागे अंधारात काय उरतं हे आपल्या बंगल्याच्या गच्चीवरून दिसत नाही, हे मी समजू शकते. गच्चीवर दिवे फार आहेत.

मुलींचं सगळ्यात शेवटी लिहिते, कारण लिहिताना हात अडतो. जोडप्याला कोयता म्हणतात आणि उचल कोयत्यामागे मिळते. मुलगी तेरा-चौदाची झाली की तिला गावी एकटी ठेवायची भीती आणि तळावर आणायचीही भीती. मग दोन्ही भीतींवर एकच उपाय काढला जातो. नवा कोयता तयार होतो, मुकादम उचल देतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे २२ टक्के होत्या, बीड जिल्ह्यात सुमारे ४४ टक्के. माझ्या वर्गात दोन हंगाम बसलेली, वर्गमंत्री असलेली मुलगी तिसऱ्या हंगामात डोक्यावर पदर घेऊन त्याच रस्त्याने मोळी वाहताना दिसली. तिने मला बाई म्हणून हाक मारली. मी काय बोलले ते आता आठवत नाही. तिने तोडलेल्या उसाचं वजन मात्र आपल्या काट्याच्या संगणकात अचूक असेल.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक कोण, हे लिहून ठेवलं आहे. ज्याला घर किंवा स्थिर निवारा नाही ते. कामगार कायदे मोडून ज्याला कामाला लावलं आहे ते. ज्याचं लग्न वयाआधी होण्याचा धोका समोर आहे तेही. तळावरच्या कितीतरी मुली यातल्या एकाहून जास्त कलमांत बसतात. अशा मुलीबद्दल बालकल्याण समितीला कोणीही कळवू शकतं, १०९८ वर कोणीही फोन करू शकतं. कोणीही यात चेअरमनही आले. आपल्या प्रवेशद्वारावर ऊर्जाबचतीचे, स्वच्छतेचे, मुलगी वाचवण्याचे इतके देखणे फलक आहेत. त्यांच्या शेजारी हे चार आकडे मोठ्या अक्षरांत रंगवायला पेंटर किती घेईल, ते मी विचारून ठेवलं आहे. फार घेत नाही.

सरकारने काही केलं नाही असं नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि शासनाने तेवढेच घालायचे, असं ठरलं आहे. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० मुलं, म्हणजे सगळी पूर्ण भरली तरी ८,२०० जागा. तोडीला जाणारी माणसं लाखांत आहेत. तरीही त्या ८,२०० जागांतली प्रत्येक जागा मला हवी आहे, कारण तिच्यामुळे एक मुलगी तळावर येत नाही. आपण टनामागचे १० रुपये किती तत्परतेने भरता हे मला माहीत नाही आणि विचारणंही बरं दिसणार नाही. वार्षिक सभेत एखाद्या सभासदाने विचारावं.

आपलं दातृत्वही विसरले नाही. मागच्या थंडीत आपण तळावर ब्लँकेटं वाटलीत. अहवालाच्या गुळगुळीत कागदावर त्याचं रंगीत पान आहे. मुलं फोटोत छान आली आहेत. तो कार्यक्रम संध्याकाळी होता, म्हणून आपल्या माणसांनी जनरेटर आणला होता आणि तास-दीड तास अख्खा तळ उजळून निघाला होता. मुलं पकडापकडी खेळली. फोटो झाले, जनरेटर गाडीत चढला. दुसऱ्या दिवशी वर्गात ब्लँकेटांबद्दल कोणी बोललं नाही, सगळी त्या उजेडाबद्दलच बोलत होती.

चौदा डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. शाळेत चित्रं काढायला लावायची, गरज नसेल तेव्हा दिवा मालवा असा विषय द्यायचा. तळावरच्या मुलाने विचारलं, बाई, दिवा नसला तर काय काढू? या प्रश्नाचं उत्तर आपण द्यावं, अशी माझी विनंती आहे. ऊर्जेच्या क्षेत्रात आपला अनुभव दांडगा आहे.

तोवर मी थोडं गणित करून ठेवलं आहे. आपला प्रकल्प १८ मेगावॉटचा. तळावर २०० कोप्या धरा, कोपीमागे नऊ वॉटचा एक एलईडी दिवा. सगळे मिळून १.८ किलोवॉट, म्हणजे आपल्या क्षमतेच्या दहा हजारांतला एक भाग. संध्याकाळ आणि पहाट मिळून सहा तास जळाले तर दिवसाला १०.८ युनिट. हंगाम दीडशे दिवसांचा, म्हणजे १,६२० युनिट. आपलं टर्बाइन पूर्ण क्षमतेने चालतं तेव्हा एवढी वीज ते सहा मिनिटांच्या आत तयार करतं. दोनशे कोप्यांचा अख्खा हंगाम सहा मिनिटांत. हे उदाहरण मी वर्गात फळ्यावर घातलं नाही. मुलांना भागाकार येतो.

पाचटाच्या कोपीत वायर फिरवणं धोक्याचं आहे, ठिणगी पडली तर रांग जळेल, असं आपले विद्युत अभियंता म्हणतील. ते बरोबर आहे. मग तळावर खांब उभे करून त्यांवर दिवे लावा आणि कोपीत चार्ज करायचे कंदील द्या. कंदील दिवसा कुंपणाच्या आत चार्ज होतील, संध्याकाळी मोठी मुलं येऊन घेऊन जातील. यात शोध लावण्यासारखं काही नाही. काही ठिकाणी मनावर घेतलेल्या माणसांनी असं केलंही आहे.

आपल्या दालनात विठ्ठलराव विखे पाटलांची आणि धनंजयराव गाडगीळांची तसबीर आहे. लोणीला त्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा ज्याच्या घामाची साखर होते त्याचा कारखान्यावर हक्क, हा विचार त्यामागे होता. ऊस लावणाऱ्याला तो हक्क मिळाला आणि मिळायलाच हवा होता. ऊस तोडणाऱ्याच्या पोराला त्यातला एक दिवा मिळावा, एवढंच मागते आहे. मागण्याची भाषा वापरते, कारण पत्र नम्र असावं असं लहानपणी शिकवलं होतं. खरं तर ते त्याचं येणं आहे.

पुढच्या हंगामाचे मुकादमांचे करार उन्हाळ्यातच व्हायला लागतील. उचलीचा आकडा जिथे लिहिता त्याच कागदावर त्याखाली जोडप्याबरोबर येणाऱ्या मुलांची नावं, वयं आणि इयत्ता लिहून घ्या. ती यादी शाळेला, अंगणवाडीला आणि ग्रामपंचायतीच्या बाल संरक्षण समितीला द्या. अठराच्या आतली वाटणारी मुलगी जोडीने आलेली दिसली तर तिचा जन्मदाखला पाहिल्याशिवाय त्या कोयत्याला उचल मंजूर करू नका. तळासाठी एक खोली, खांबांवर दिवे आणि पहाटे तीनपासून उघडं असेल असं पाळणाघर. यादीचा नमुना मी तयार केला आहे, तो एका पानात मावतो. शनिवारची शाळा सकाळची असते. येत्या शनिवारी दुपारी एक वाजता मी आणि सेविकाताई आपल्या कार्यालयात येतो. आपण नसाल तर शेती अधिकाऱ्यांना थांबायला सांगा, आणि विद्युत अभियंत्यांनाही.

कळावे,

आपली नम्र,
रस्त्यापलीकडच्या जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका